नोंदणी कार्यालयाच्या आगीमागची माणसे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

अ‍ॅमस्टरडॅमच्या लोकसंख्या नोंदणी कार्यालयावर २७ मार्च १९४३ च्या रात्री डच प्रतिकार चळवळीतील कलावंतांनी घातलेल्या छाप्यावर आपल्या रविवार पुरवणीत लेख आला, तेव्हा मराठीत क्वचितच लिहिला जाणारा विषय कुणीतरी हाती घेतला याचा मला मनापासून आनंद झाला. लेख अभ्यासपूर्ण होता. मात्र छाप्याचे नेते विलेम अरोंडेयस, त्यांचे साथीदार शूर्ड बाकर आणि आखणीत सहभागी असलेल्या फ्रीडा बेलिनफांते हे तिघेही समलैंगिक होते, ही गोष्ट त्यात कुठेच नव्हती. पुढच्या आठवड्यात एका वाचक भगिनींनी ही उणीव दाखवून दिली, पण त्या ओघात नाझींनी समलैंगिकांचा ज्यूंइतकाच संहार केला, असे त्यांनी लिहिले. त्यावर दुसऱ्या वाचकांनी उत्तर दिले की, शूर माणसाच्या शौर्यकथेत त्याचे खासगी आयुष्य ओढून आणण्याचे कारणच काय. दोघांचाही हेतू चांगला आहे याविषयी मला शंका नाही, पण दोन्ही विधानांनी इतिहासावर अन्याय होतो असे मला प्रामाणिकपणे वाटते. अनेक वर्षे शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला अशा वेळी गप्प बसवत नाही, म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

छापा लष्करी तळावर किंवा तुरुंगावर न घालता एका साध्या कचेरीवर का घातला, हे आधी समजून घेतले पाहिजे. मे १९४० मध्ये जर्मनीने नेदरलँड्स काबीज केले तेव्हा तिथे सुमारे १,४०,००० ज्यू राहत होते आणि युद्ध संपेपर्यंत त्यांपैकी सुमारे १,०२,००० मारले गेले, म्हणजे दर चार माणसांतली जवळजवळ तीन. शेजारच्या फ्रान्समध्ये हेच प्रमाण सुमारे एकचतुर्थांश होते. फरकाची कारणे अनेक आहेत: देश सपाट, लपायला डोंगर नाहीत, घनदाट अरण्ये नाहीत, आणि वर कारभार लष्कराकडे न ठेवता हिटलरने आर्थर झाइस-इनक्वार्ट या कट्टर नाझी मुलकी प्रशासकाकडे सोपवलेला. पण एक कारण असे आहे की ते कोणत्याही सुव्यवस्थित देशाला लागू पडावे, आणि मला ते सर्वांत अस्वस्थ करते. डच नगरपालिकांकडे प्रत्येक रहिवाशाचे पत्रक युद्धाच्या आधीपासूनच होते, आणि नाव, पत्ता, जन्मतारीख यांच्यासोबत त्यात धर्माचीही नोंद असे. हे कुणी दुष्ट हेतूने केलेले नव्हते. नेटका कारभार, एवढाच त्यामागचा विचार होता. जानेवारी १९४१ मध्ये फर्मान निघाले की, ज्याच्या चार आजी-आजोबांपैकी एक जरी ज्यू असेल त्याने कचेरीत येऊन स्वतःची नोंद करावी. सरकारी हुकूम पाळण्याची सवय असलेल्या समाजात जवळजवळ सगळ्यांनी ती केली, आणि त्यासाठीचे शुल्कही भरले.

त्याच वर्षी मे महिन्यात अ‍ॅमस्टरडॅम महापालिकेच्या सांख्यिकी विभागाने शहराचा एक नकाशा तयार केला. त्यावर काळे ठिपके आहेत आणि प्रत्येक ठिपका म्हणजे दहा ज्यू. काही गल्ल्यांत ठिपके इतके दाट आहेत की खालचा रस्ताच दिसत नाही. हा नकाशा जर्मन सैनिकांनी काढलेला नाही. पगारावर असलेल्या डच कारकुनांनी आणि आरेखकांनी तो काढला, आणि कामात कसूर केली नाही. याकोब लेंट्स नावाचा लोकसंख्या नोंदणीचा प्रमुख अधिकारी तर छायाचित्र आणि बोटांचे ठसे असलेल्या, बनावट करायला अत्यंत अवघड अशा ओळखपत्राची कल्पना आधीपासूनच बाळगून होता. मार्च १९४० मध्ये डच सरकारने ती नाकारली होती, आणि जर्मनांनी ती उचलून धरली. ज्यूंच्या ओळखपत्रावर काळ्या ठळक शाईत 'जे' हे अक्षर असे. गेरिट व्हॅन डर व्हेन या शिल्पकाराच्या पुढाकाराने कलावंतांनी खोटी ओळखपत्रे तयार करण्याचे केंद्र उभारले आणि ती हजारोंच्या संख्येने वाटली. पण खोटे ओळखपत्र कितीही हुबेहूब उतरले, तरी कचेरीतल्या मूळ पत्रकाशी कुणी ते ताडून पाहिले की बिंग फुटे. म्हणून मूळ पत्रकेच जाळायची, असे ठरले.

आता त्या भगिनींच्या विधानाकडे येतो. ज्यूंचा संहार आणि समलैंगिकांचा छळ या दोन्ही गोष्टी एकाच राजवटीने केल्या, तरी त्या एकसारख्या नव्हत्या. ज्यू माणूस त्याच्या आजी-आजोबांमुळे ज्यू ठरत होता. त्याने काहीही केले, काहीही सोडले तरी त्याची सुटका नव्हती, आणि त्याच्या तान्ह्या मुलाचीही नव्हती. संपूर्ण युरोपातून ज्यूंना नाहीसे करायचे, हे ठरलेले धोरण होते. समलैंगिक पुरुषांवरचा नाझींचा रोख वेगळा होता: जर्मन वंशाची लोकसंख्या वाढली पाहिजे, आणि जो जर्मन पुरुष मुले जन्माला घालत नाही तो राष्ट्राचा अपराधी, अशी ती विचारसरणी होती. म्हणूनच एसएस आणि पोलिसांचा प्रमुख हिमलर याने १९३६ मध्ये उघडलेले कार्यालय 'समलैंगिकता आणि गर्भपात' या दोन्हींशी लढण्यासाठी होते. ही दोन कामे एकाच छपराखाली का आली, हे एवढ्यावरून कळते. पुरुषांमधील समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारे जर्मन दंडविधानातील १७५ वे कलम १९३५ मध्ये अधिक कडक करण्यात आले. नाझी राजवटीत सुमारे १,००,००० पुरुषांना अटक झाली, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना शिक्षा झाली, आणि पाच ते पंधरा हजारांना छातीवर गुलाबी त्रिकोण शिवून छळछावण्यांत धाडण्यात आले. तिथे गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक परतले नाहीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. जिंकलेल्या पोलंडमध्ये मात्र पोलिश पुरुषांच्या आपसांतील संबंधांत नाझींना फारसा रस नव्हता. पोलिश लोकसंख्या घटली तर त्यांना हवेच होते.

नेदरलँड्सचे प्रकरण या दोहोंच्या मध्ये बसते. डच लोक 'जर्मानिक' वंशाचे, म्हणून त्यांची 'शुद्धी' नाझींना महत्त्वाची वाटत होती. ३१ जुलै १९४० रोजी, म्हणजे देश पडल्यावर सुमारे अडीच महिन्यांनी, ८१ क्रमांकाचे फर्मान निघाले आणि तोवर प्रौढांसाठी कायदेशीर असलेले पुरुषांमधील समलैंगिक संबंध सरसकट गुन्हा ठरले. याकोब स्कोरर या कायदेतज्ज्ञांनी १९१२ मध्ये समलैंगिकांच्या हक्कांसाठी स्थापन केलेली समिती आक्रमणाबरोबर संपली. आपल्यामुळे कुणी पकडले जाऊ नये म्हणून त्यांनी समितीची कागदपत्रे नष्ट केली, तरी त्यांचा मोठा ग्रंथसंग्रह जर्मनांनी जप्त केलाच. फर्मानाखाली खटले चालले, माणसे तुरुंगात गेली, नोकऱ्या गेल्या. पण समलैंगिक पुरुषांना घराघरांतून हुडकून गाड्यांत भरण्याची मोहीम तिथे झाली नाही. ज्यूंच्या बाबतीत ती दर आठवड्याला होत होती: जुलै १९४२ पासून वेस्टरबोर्क छावणीतून पूर्वेकडे गाड्या सुटत होत्या, आणि ज्या मार्चमध्ये हा छापा पडला त्याच महिन्याच्या २ तारखेपासून त्या पोलंडमधील सोबिबोर या संहारछावणीकडे जाऊ लागल्या होत्या. जुलैपर्यंतच्या १९ गाड्यांतून ३४,००० हून अधिक माणसे तिकडे गेली आणि अवघी १८ जिवंत परतली. हा आकडा समोर असताना 'ज्यूंइतकाच' हा शब्द लिहिणे योग्य नाही. समलैंगिकांचे दुःख खरे होते. ते खरे ठरवण्यासाठी त्याला दुसऱ्याच्या मापाने मोजण्याची गरज नाही.

छापा घालणाऱ्यांनाही ही मापे ठाऊक होती. प्लांटाज केर्कलानवरच्या त्या कचेरीपासून दोन-चार मिनिटांच्या अंतरावर ते नाट्यगृह होते, जिथे अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यूंना गाडीत चढवण्याआधी कोंडून ठेवत. अरोंडेयस व्यवसायाने चित्रकार आणि लेखक. आपण समलैंगिक आहोत हे त्यांनी लहान वयातच घरी सांगितले आणि सतराव्या वर्षी घर सोडले. पुढची बरीच वर्षे हलाखीत काढली, आणि यान टायसेन या जोडीदाराबरोबर त्या काळात कुणी सहसा राहत नसे इतक्या उघडपणे संसार केला. युद्ध सुरू झाले तेव्हा ते पंचेचाळिशीला आले होते. नाझींच्या कला-मंडळात नाव नोंदवल्याशिवाय कलावंताला काम करता येणार नाही असा नियम आला, तेव्हा त्याला विरोध करणारे भूमिगत पत्रक त्यांनी काढले, आणि त्यातूनच व्हॅन डर व्हेन यांच्याशी त्यांचा दुवा जुळला. बाकर हे शिंपी. छाप्यासाठी लागणारे पोलिसांचे गणवेश त्यांनी शिवले. बेलिनफांते या चेलोवादक आणि वाद्यवृंद-संचालक, वडील ज्यू. त्यांनी पैशांसाठी आपला चेलो विकला आणि आखणीत सुरुवातीपासून भाग घेतला. पोलिसांच्या वेशातल्या टोळीत स्त्री दिसली तर संशय येईल म्हणून प्रत्यक्ष रात्री त्यांना नेले नाही. पुढे स्टेडेलिक संग्रहालयाचे संचालक झालेले विलेम सांडबर्ग, रूडी ब्लूमगार्टन हा ज्यू विद्यार्थी आणि आणखी काही जण त्यांच्यासोबत होते.

अरोंडेयस पोलीस कॅप्टनच्या गणवेशात दारावर गेले. पहारेकऱ्यांना धरून, वैद्यकीचे शिक्षण घेतलेल्या साथीदारांनी त्यांना गुंगीचे इंजेक्शन दिले आणि शेजारच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात नेऊन ठेवले, कारण एकही माणूस मरता कामा नये हे आधीच ठरले होते. मग कपाटांचे खण ओढून पत्रकांचे ढीग जमिनीवर केले, त्यांवर ज्वालाग्राही द्रव ओतला आणि स्फोटके लावली. अग्निशमन दलाचे जवान मुद्दाम सावकाश आले आणि आग विझल्यावरही पाणी मारत राहिले. जे जळले नाही ते भिजून जावे, हा त्यांचा हेतू होता. तरीही नष्ट झालेल्या पत्रकांचे प्रमाण सुमारे १५ टक्के सांगितले जाते, आणि गाड्या थांबल्या नाहीत. या अपुऱ्या यशामुळे कृत्याचे मोल कमी होते असे मला वाटत नाही. एवढ्या आगीनंतर निदान काही खोटी ओळखपत्रे पडताळून पाहणे अशक्य झाले, आणि ज्यांच्या खिशात ती होती त्यांच्यासाठी ते पुरेसे होते.

काही दिवसांतच फितुरी झाली. १ एप्रिलला अरोंडेयस पकडले गेले, आणि पाठोपाठ बहुतेक साथीदारही. खटल्यात अरोंडेयस यांनी सारी जबाबदारी स्वतःवर घेतली. १ जुलै १९४३ रोजी हार्लेमजवळच्या वाळूच्या टेकड्यांत बारा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. बाकर यांनी शेवटची इच्छा म्हणून गुलाबी शर्ट मागितला होता, असे सांगतात. मृत्यूपूर्वी अरोंडेयस यांनी लाऊ माझिरेल या वकील स्त्रीकडे निरोप दिला की, समलैंगिक माणसे भेकड नसतात हे लोकांना कळू द्या. निरोपाचे शब्द वेगवेगळ्या प्रकारे नोंदले गेले आहेत, आशय मात्र हाच आहे.

'खासगी आयुष्य कशाला?' असे विचारणाऱ्या वाचकांना माझे उत्तर या निरोपातच आहे. ते खासगी राहू द्यायचे की नाही, हे अरोंडेयस यांनी स्वतः ठरवले होते, आणि मरणाच्या दारात उभे राहून ठरवले होते. त्यांच्या कृत्यातून ती गोष्ट वगळणे म्हणजे त्यांच्या खासगीपणाचा आदर करणे नव्हे. त्यांनी मागे ठेवलेली एकमेव मागणी नाकारणे आहे. शिवाय ज्या राजवटीने ३१ जुलै १९४० रोजी त्यांच्या घरातल्या नात्याला गुन्हा ठरवले, तिनेच ते खासगी राहू दिले नव्हते. ज्यू शेजाऱ्यांसाठी प्राण देणारा माणूस त्याच फर्मानांच्या जंजाळात स्वतःही सापडलेला होता, हे कळल्यावर त्याने तो धोका का पत्करला याविषयी आपल्याला काहीतरी अधिक समजते.

युद्धानंतर हा निरोप फारसा कुणी पोहोचवला नाही. छाप्याचे श्रेय मुख्यतः व्हॅन डर व्हेन यांच्या नावावर जमा झाले. ते थोर होतेच. जून १९४४ मध्ये त्यांनाही गोळ्या घातल्या गेल्या. पण अरोंडेयस यांचे नाव मागे पडले, आणि त्याचे कारण सगळ्यांना माहीत असूनही कुणी बोलत नव्हते. ८१ क्रमांकाचे फर्मान स्वातंत्र्यानंतर गेले, तरी समलैंगिक संबंधांच्या संमतीसाठी इतरांपेक्षा जास्त वयोमर्यादा लावणारे १९११ चे डच कलम थेट १९७१ पर्यंत टिकले. ४ मे १९७० रोजी, युद्धातील मृतांच्या स्मरणदिनी, अ‍ॅमस्टरडॅमच्या डाम चौकात समलैंगिक तरुणांनी पुष्पचक्र वाहण्याचा प्रयत्न केला, तेव्हा पोलिसांनी त्यांना पकडून नेले. पश्चिम जर्मनीत तर नाझींनी कडक केलेले १७५ वे कलम १९६९ पर्यंत जसेच्या तसे लागू होते. छावणीतून जिवंत सुटलेला माणूस पुन्हा त्याच कलमाखाली तुरुंगात जाऊ शकत होता. नुकसानभरपाई मागण्याचा तर प्रश्नच नव्हता. अरोंडेयस यांना डच सरकारने प्रतिकाराचे स्मृतिपदक १९८४ मध्ये दिले आणि ज्यूंना वाचवणाऱ्या बिगरज्यूंना दिला जाणारा याद वाशेम या इस्रायलमधील स्मारक-संस्थेचा सन्मान १९८६ मध्ये मिळाला. त्याच्या पुढच्याच वर्षी वेस्टरकेर्क चर्चच्या कडेला, ज्या घरात अ‍ॅन फ्रँक लपून राहिली होती त्याच्या जवळ, गुलाबी ग्रॅनाइटचे तीन त्रिकोण असलेले समलैंगिकांचे स्मारक उभे राहिले. बेलिनफांते यांनी दाढी-मिशा नसलेल्या तरुणाचा वेश करून काही महिने अ‍ॅमस्टरडॅममध्येच काढले. रस्त्यात स्वतःच्या आईने त्यांना ओळखले नाही, असे त्यांनी नंतर सांगितले. मग हिवाळ्यात पायी स्वित्झर्लंड गाठले, युद्धानंतर अमेरिकेत जाऊन वाद्यवृंद उभारला, आणि १९९५ मध्ये त्या वारल्या. त्यांची मुलाखत कुणी सविस्तर ध्वनिमुद्रित केली ती थेट १९९४ मध्ये.

ही चुप्पी केवळ डचांची नव्हती. जर्मनीने गिळलेल्या अल्सास प्रांतातील मुलूझ शहरात पियेर सील नावाच्या किशोरवयीन मुलाचे घड्याळ एका चौकात चोरीला गेले. समलैंगिक पुरुष त्या चौकात जमतात हे पोलिसांना ठाऊक होते, त्यामुळे तक्रार द्यायला गेलेल्या मुलाचेच नाव त्यांनी एका यादीत लिहून ठेवले. फ्रान्समध्ये समलैंगिक संबंध फ्रेंच राज्यक्रांतीपासून गुन्हा नव्हते, म्हणजे त्या यादीला कायद्याचा कसलाच आधार नव्हता; पण यादी होती, आणि १९४० मध्ये ती जर्मनांच्या हाती पडली. मे १९४१ मध्ये सील यांना अटक झाली, त्यांचा अमानुष छळ झाला, आणि शिर्मेक छावणीत त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या अठरा वर्षांच्या मित्रावर कुत्रे सोडून त्याला मारण्यात आले. सुटल्यावर त्यांना जर्मन सैन्यात जबरदस्तीने भरती केले गेले. हे सारे त्यांनी जाहीरपणे सांगितले ते १९८२ मध्ये, चाळीस वर्षांनी. प्रागमध्ये आणि नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या तेरेझीनमध्ये ज्यू मुलांना खेळ शिकवणारा फ्रेडी हिर्श हा तरुण तर ज्यूही होता आणि समलैंगिकही. आउश्वित्झमध्ये त्याने मुलांची वेगळी बराक मिळवली, हजेरी थंडीत बाहेर न होता आत व्हावी आणि मुलांना जरा बरे सूप मिळावे एवढ्यासाठी पहारेकऱ्यांशी बोलणी केली. ८ मार्च १९४४ रोजी, त्याच्यासोबत आलेल्या जवळजवळ ३,८०० माणसांना विषारी वायूने मारले गेले त्या दिवशी, तोही गेला. त्याच्याविषयीही कितीतरी वर्षे लोक अडखळत बोलत असत.

आपल्याकडे 'हिटलरसारखा एक माणूस हवा, म्हणजे सगळे सरळ होतील' असे वाक्य लग्नाच्या पंगतीत आणि एसटीच्या प्रवासात मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते ऐकून मला राग येण्यापेक्षा दुःख जास्त होते. ते म्हणणारे लोक क्रूर नसतात. त्यांना फक्त शिस्त दिसते, पत्रकाचा खण दिसत नाही. मॅग्नुस हिर्शफेल्ड हे ज्यू आणि समलैंगिक असलेले जर्मन डॉक्टर १९३१ मध्ये हिंदुस्थानात व्याख्याने देत फिरले होते. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, मे १९३३ मध्ये, नाझी विद्यार्थ्यांनी बर्लिनमधली त्यांची संशोधन संस्था लुटली आणि तिचे ग्रंथालय भर चौकात जाळले. छळाची सुरुवात छावणीपासून होत नाही, हे आपल्या वाचकांना या एका उदाहरणावरूनही सांगता येईल.

त्या लेखाच्या शेवटी ही लेखमाला पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध करण्याचा मानस आपण व्यक्त केला होता. तसे झाले, तर माझी एवढीच विनंती आहे: अरोंडेयस यांच्या परिचयात यान टायसेन यांचा उल्लेख जोडीदार म्हणून यावा आणि माझिरेल यांच्याकडे दिलेला निरोप यावा, बेलिनफांते यांना लेखात 'एक सहायक महिला' म्हटले आहे, तिथे त्यांचे नाव छापावे, आणि मृत ज्यूंचा १,०२,००० हा आकडा समलैंगिकांच्या आकड्यांशी बेरीज किंवा तुलना न करता स्वतंत्र वाक्यात द्यावा. ठिपक्यांच्या त्या नकाशाचे छायाचित्र मिळवता आले तर तेही पहिल्या पानांतच छापावे.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त इतिहास-शिक्षक